ऑप्टिमायझर एकाच जागी अडकत असेल तर
४००-७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशासाठी परावर्तनरोधी लेप (परावर्तन कमी करणारे पातळ थर) डिझाइन करताना ऑप्टिमायझर, म्हणजे थरांच्या जाड्या सुधारणारा प्रोग्रॅम, कधी अडकतो: जाडी कितीही बदलली तरी मेरिट फंक्शन, म्हणजे डिझाइन हव्या परिणामापासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा, खाली येत नाही. जाडीशी झटापट थांबवा, नीडल पद्धत लावा. थराच्या आत कुठे दुसऱ्या पदार्थाची अतिपातळ चकती घातली तर मेरिट फंक्शन सर्वात वेगाने घटतं ते काढा, तिथे ती घाला आणि मग सगळ्या जाड्या पुन्हा सुधारा. अशी जागाच उरली नाही तर एकूण जाडी वाढवून पुन्हा शोधा.

थरांत टायटॅनियम डायऑक्साइड वापरत असाल तर त्याचा अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा) स्थिर धरू नका, निळ्या प्रकाशाकडे तो बराच चढतो. २-३ नॅनोमीटरचे थर निघाले तर काढून टाका, प्रत्यक्षात ते नीट सलग बसत नाहीत. शेवटी प्रत्येक जाडीत १-२ टक्के यादृच्छिक चूक घालून शंभरेक वेळा गणित चालवा. कागदावरची बरीच देखणी डिझाइन्स इथेच कोसळतात.