आयफोनचा बॅकअप डी ड्राईव्हला हलवला, आयट्यून्स परत सी मध्येच भरतंय

पेठेतला कॅमेरा:
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. फुटबॉलचा सीझन लागला की शाहू स्टेडियमवर भर उन्हात उभा राहून शूटिंग करायचं काम पोरांनी माझ्याच गळ्यात टाकलंय. फोन १२८ जीबीचा. फोर के, ३० फ्रेमवर मिनिटाला १७० एमबी खातो, म्हणजे ४० मिनिटं घेतली की पावणेसात जीबी गेलेच. आयक्लाउड फुकटात देतंय ५ जीबी. त्यात एक हाफसुद्धा मावत नाही. म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर आयट्यून्सनं बॅकअप घेतो.

आता सी म्हणजे २५६ ची एसएसडी, डी म्हणजे १ टीबीची जुनी हार्डडिस्क, निम्मी रिकामी. बॅकअप ९४ जीबीचा, आणि बसतोय सी मध्ये. पोरीच्या प्रोजेक्टची फाईल सेव्ह होईना, त्यावरनं घरात बोलणी खातोय. आयट्यून्सच्या सगळ्या सेटिंगा उघडून बघितल्या, जागा बदलायचं बटणच नाही. परवा रात्री वैतागून बॅकअपचं फोल्डर कट करून डी मध्ये टाकलं आणि खूश होऊन झोपलो. सकाळी फोन जोडला तर पठ्ठ्यानं सी मध्ये नवीन फोल्डर करून पहिल्यापासून भरायला घेतलं! डी मधला जुना बॅकअप त्याला दिसतच नाही. काय करू?

काळी खिडकी:
भावा, बटण नाहीच, शोधू नकोस. आयट्यून्सला एकच पत्ता पाठ आहे. आपण त्या पत्त्यावर पाटी लावायची, 'माल डी मध्ये आहे' अशी. विंडोजमध्ये याला जंक्शन म्हणतात.

आयट्यून्स बंद कर, फोनची वायर काढ. आयट्यून्स अ‍ॅपलच्या साईटवरून घेतलं असेल तर फोल्डर अ‍ॅपडेटा, रोमिंग, अ‍ॅपल कॉम्प्युटर, मोबाईलसिंक या वाटेनं सापडेल. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलं असेल तर तुझ्या युजर फोल्डरमध्येच 'अ‍ॅपल', त्यात मोबाईलसिंक. आत 'बॅकअप' दिसेल. त्याचं नाव बदल, उडवू नकोस.

मग सीएमडी उघड, म्हणजे विंडोजमध्ये कमांड टाइप करायची काळी खिडकी. पॉवरशेल नावाची तसलीच दुसरी खिडकी नको, तिथं ही कमांड चालत नाही. टाइप कर: एमकेलिंक, स्पेस, स्लॅश जे, स्पेस, मग सी मधल्या बॅकअपचा पूर्ण पत्ता, स्पेस, मग डी मधल्या फोल्डरचा पत्ता. (मराठी कीबोर्डावर लिहितोय, तू इंग्रजीतच टाक.) दोन्ही पत्ते दुहेरी अवतरणात. 'अ‍ॅपल कॉम्प्युटर' मध्ये मधे स्पेस आहे, तिथंच लोक अडकतात.

एक ध्यानात ठेव. नंतर सी मधनं ते फोल्डर उघडलंस तर सगळ्या फायली तिथंच दिसतील. 'अजून सी मध्येच आहे की' म्हणून आतलं डिलीट केलंस तर डी मधलंच जाईल.

कुंभार गल्ली शाहूपुरी:
वरचं बरोबर आहे, पण दादा, एक विचारतो. डी हार्डडिस्क त्याच डब्यात आहे ना? २०१९ ला आमच्या घरात पंचगंगेचं पाणी आलं. सीपीयू टेबलावर ठेवून बाहेर पडलो, वाटलं एवढं वर काय येणार. परत आलो तर टेबलच तरंगून कोपऱ्यात गेलेलं. सी पण गेली, डी पण गेली, लेकाच्या बारशाचे फोटो गेले. २०२१ ला आधी हार्डडिस्क काढून पिशवीत घेतली, मग दागिने.

आणि तो बॅकअप म्हणजे फोटोंचा अल्बम नव्हे. आत बघा, नुसती आकड्या-अक्षरांची लांबलचक नावं. कुठला गोल कुठल्या फायलीत, कळणार नाही. मॅचचे व्हिडिओ वेगळे कॉपी करून बाहेरच्या डिस्कवर ठेवा, ती पाहुण्यांकडं उंचावर. मग फोनमधनं उडवा, बॅकअप आपोआप बारीक होईल.

पेठेतला कॅमेरा:
कमांड मारली. 'कॅनॉट क्रिएट अ फाईल व्हेन दॅट फाईल ऑलरेडी एक्झिस्ट्स' म्हणतंय. डी मध्ये तर काय नवीन करतच नाही मी?

काळी खिडकी:
सी मधल्या फोल्डरचं नाव बदललंस का? पाटी लावायच्या जागेवर फोल्डर उभं असलं की हेच येतंय.

पेठेतला कॅमेरा:
नव्हतं बदललं. नेमका त्याच पायरीला चहा आला. आता झालं. एडिट, प्रेफरन्सेस, डिव्हायसेस मध्ये जुना बॅकअप तारखेसकट दिसला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

काळी खिडकी:
जुन्याच्या नादात राहू नकोस, एक नवीन पूर्ण होऊ दे. हार्डडिस्क आहे, वेळ लागेल. तारीख आजची दिसली की मगच सी मधलं ते अर्धवट फोल्डर उडव. आणि बॅकअपला पासवर्ड लावला असशील तर वहीत लिही. विसरलास तर तो बॅकअप कुणाच्या बापाला उघडत नाही.

पेठेतला कॅमेरा:
रात्रीत झाला. अर्धवट फोल्डर उडवलं, सी मध्ये ९८ जीबी मोकळे. कुंभार गल्लीच्या ताई, बाहेरची डिस्क उद्या घेतो, मेव्हण्याकडं तिसऱ्या मजल्यावर ठेवतो. ९८ मधले ४० पोरीनं गेम टाकून खाल्ले पण.