फेबल्स ७५व्या अंकाला संपली म्हणणाऱ्यांसाठी

दौतटाक
बिल विलिंगहॅमची 'फेबल्स' ही इंग्रजी कॉमिक्स मालिका: परीकथांतली पात्रं एका साम्राज्याच्या फौजांपासून पळून न्यूयॉर्कच्या फेबलटाउनमध्ये लपून राहतात. परवा इथे कुणीतरी नवख्या वाचकाला सल्ला दिला, "फेबल्स ७५व्या अंकापर्यंत वाच, पुढे नुसती ओढाताण आहे." त्याखाली पंधरावीस जणांनी माना डोलावल्या. हे वाचून गप्प बसवेना.

७५ला काय होतं ते आठवा. बगदादहून आलेलं उडतं जहाज साम्राज्याची दारं एकेक करून उडवतं, झोपलेली राजकन्या बोटाला सुई टोचून घेते आणि अख्खी राजधानी झोपवते, साम्राज्याचा खरा धनी, पिनोकिओला कोरणारा जेपेटो, हाती लागतो. युद्ध जिंकलं. पण ७६मध्ये तोच जेपेटो करारावर सही करून, सगळे गुन्हे माफ होऊन, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर पिनोकिओबरोबर हिंडतो. ज्यांची घरंदारं त्याने जाळली ते शेजारी त्याच्याकडे बघताहेत आणि हात उचलायची त्यांना मुभा नाही. पहिल्या अंकापासून "इथे आलात की मागचं सगळं माफ" हा कायदा बिगबीच्या सोयीचा होता, कारण माणसं खाल्लेला लांडगा शेरीफ झाला होता. त्या कायद्याची खरी परीक्षा ७६ला होते. ती न वाचता पुस्तक मिटणार?

नंतरचा खलनायक मिस्टर डार्कही आकाशातून पडत नाही. साम्राज्याच्या जादूगारांनी त्याला पेटीत कोंडलं होतं. साम्राज्य पडलं, पहारा सुटला, लुटारूंनी पेटी उघडली. जिंकल्याचा हिशोब चुकवायलाच तो आलाय. फेबलटाउनची वुडलँड इमारत कोसळते ती त्यातूनच.

पानपंखा
कायद्याचा मुद्दा चांगला आहे, पण तो एका अंकात संपतो. १५०पर्यंतच्या पुढच्या ७४ अंकांचं काय?

माझा आक्षेप मरणाबद्दल आहे. ७५पर्यंत मरण महाग होतं. फार्मवरच्या, म्हणजे माणसासारख्या न दिसणाऱ्या पात्रांच्या वस्तीतल्या, बंडात डुकराचं मुंडकं काठीवर लागलं तेव्हा पोटात गोळा आला होता. स्नो व्हाइट डोक्यात गोळी लागूनही वाचते, त्यालाही कारण दिलंय: साध्या माणसांना ज्याची गोष्ट जास्त ठाऊक, तो मरायला जड. ठीक. पण प्रिन्स चार्मिंग बॉम्ब घेऊन दारावर जातो, त्याचं मरण म्हणजे त्या युद्धाचा कणा. त्यालाच 'फेअरेस्ट' या जोडमालिकेत जिवंत परत आणलं. बिगबी काचेचा होऊन फुटतो, तोही परततो. एकदा लेखकाने मरण परत घेतलं की पुढच्या कुठल्याच मरणाला वाचक रडत नाही.

दौतटाक
आणि बॉय ब्लू? तो ७५नंतरच जातो. बाणाची जखम, त्यात जादूच्या झग्याचे धागे अडकलेले, हात कापावा लागतो, तरी विष चढतच राहतं. मरायच्या आधी रोझ रेड प्रेम सांगायला जाते आणि तो तिला तोंडावर नाही म्हणतो. मग ती अंथरूण धरते, आणि अख्खं फार्म तिच्याविना कोलमडतं. असं दुखणं पहिल्या ७५मध्ये एक दाखवा. टॉयलँडच्या कथेत बिगबी आणि स्नो व्हाइटचा मुलगा डेअरिअन बहिणीसाठी जीव देतो, तोही परत येत नाही.

पानपंखा
टॉयलँड दिलं. ११४पासूनचा तो भाग जबरदस्त आहे, नाकारत नाही. पण त्याच अंकांमध्ये मागे बफकिन माकडाच्या ओझमधल्या करामती जोडल्यात. लहान पोर मरायला टेकलंय आणि पान उलटलं की माकडाची क्रांती. तो ताल कुणी बसवला?

कोकणकडा
'फेअरेस्ट' निघालंच आहे तर माझं ऐका. 'रिटर्न ऑफ द महाराजा', अंक १५ ते २०. नायिका नालायनी. महाभारताच्या काही पाठांत द्रौपदीचा मागचा जन्म म्हणून येते ती. कुष्ठी ऋषीची सेवा करणारी, पाच पतींचा वर मिळालेली. किती मोठी कथा हातात होती! आणि केलं काय? ती गाव वाचवायला महाराजाकडे जाते, तर महाराजा म्हणून प्रिन्स चार्मिंग बसलेला! शंभराहून जास्त अंकांनंतर एकदाची भारतीय कथा आली, तीही गोऱ्या राजपुत्राला पुन्हा गादी द्यायला. त्याआधी आमच्या वाट्याला किपलिंगचे प्राणी: शेरखानला स्नो व्हाइट मारते, बगीरा तुरुंगात, मोगली त्याला सोडवायला हेरगिरी करतो.

शाईचाडाग
कोकणकडा, तो भाग शॉन विल्यम्सने लिहिलाय, विलिंगहॅमने नाही. राग योग्य माणसावर काढा.

आणि इतकं खटकतंय तर आपण करू या ना. सप्टेंबर २०२३मध्ये विलिंगहॅमने फेबल्स सार्वजनिक केली. कुणाचीही झाली. मराठीत भाषांतर करा, नालायनीला न्याय द्या.

कलम_चौदा
कृपा करून कुणी असलं काही छापू नका. त्याने जाहीर केलं, आणि प्रकाशक डीसीने लगेच सांगितलं की फेबल्सची कॉमिक्स आणि ग्राफिक नॉव्हेल्स आमच्या मालकीची आहेत. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या कलम २१ने लेखकाला जाहीर सूचना देऊन हक्क सोडता येतात, पण जे हक्क त्याच्याकडे आहेत तेवढेच. नेमकं तेच वादात आहे. शिवाय चित्रं बकिंगहॅम, लिआलोहा, मेडिना यांची. विलिंगहॅमच्या शब्दाने ती कशी मोकळी होणार? भाषांतराचा हक्कही कॉपीराइटमध्येच येतो.

शाईचाडाग
म्हणजे लेखकाने स्वतः दिलेली वस्तू घ्यायलाही कंपनीची परवानगी? वीस वर्षं लिहिलं त्याने. तुमच्यासारख्यांमुळेच मराठीत कॉमिक्स उभं राहत नाही, पहिलं पान काढायच्या आधी कलमं काढता.

कलम_चौदा
कलमं काढली नाहीत तर पहिलंच पान शेवटचं ठरतं. खुद्द विलिंगहॅमला खलनायक म्हणून पीटर पॅन हवा होता. हक्कांची अडचण दिसली म्हणून जेपेटो आला. हक्क बघून लिहिलं म्हणून कथा बिघडली का? उलट लाकडाची माणसं कोरून साम्राज्य चालवणारा म्हातारा मिळाला.

करायचंच असेल तर असं करा. ग्रिम १८१२, पेरॉ १६९७, कोलोडी १८९०मध्ये वारला, सगळे मोकळे. किपलिंग १९३६मध्ये गेला. आपल्याकडे मृत्यूनंतर ६० वर्षं धरतात, म्हणजे १९९६अखेर मुदत संपली. मूळ मजकुरावरून लिहा. ग्रिमसाठी मार्गारेट हंटचं १८८४चं इंग्रजी भाषांतर चालेल. हल्लीच्या मराठी भाषांतरावरून उचलू नका, त्या भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो. बुटक्यांना ग्रिमकडे नावं नाहीत, नावं १९३७च्या डिस्नेपटातली, तेव्हा ती टाळा. हिमगौरीचा निळापिवळा झगाही नको. आणि बिगबी, फेबलटाउन, साम्राज्य चालवणारा जेपेटो ही विलिंगहॅमची घडण, तिला हात नको. लांडगा शहरात आणा, पण त्याला शेरीफ करू नका, दुसरं काम द्या.

कोकणकडा
नालायनीचा हक्क तर कुणाचाच नाही. कलम_चौदा, तुमचा सूर आवडला नाही, पण यादी उतरवून घेतली.

शाईचाडाग
यादी कामाची आहे. कंपनीबद्दलचं माझं मत तेच राहील.

पानपंखा
मूळ मुद्दा कुठल्या कुठे गेला. दौतटाक, ८१नंतर मुखपृष्ठं जेम्स जीनची राहिली नाहीत, एवढं तरी माना.

दौतटाक
मानतो, तिथे नुकसान झालंच. पण आत बकिंगहॅम शेवटपर्यंत आहे. पानाच्या कडेची नक्षी बघा. प्रसंग कुणाचा आणि कुठला, त्याप्रमाणे ती पट्टी बदलते. जागा बदलली की मथळ्याची गरजच पडत नाही, नजर कडेवरूनच ओळखते. ७५नंतर पुस्तक मिटणारे बहुतेक जण फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचतात. त्यात ही पट्टी कापली जाते, जोडपानं दुभंगतात आणि लागोपाठची चारपाच ठिकाणं एकमेकांत मिसळतात. मग "विस्कळीत झालं" असं वाटणारच.

पानपंखा
मी छापील वाचलंय, चार जाड कम्पेंडियम, म्हणजे एकत्रित खंड. गोंदाची बांधणी, त्यामुळे जोडपानाचा मधला भाग घडीत जातो आणि पुस्तक पूर्ण उघडायला गेलं की कणा तडकतो. नवीन माणसाने पुठ्ठा बांधणीची डीलक्स आवृत्ती घ्यावी, ती पंधरा खंडांची आहे, किंवा साधे २२ खंड सुटे घ्यावेत. पहिल्या सुट्या खंडात १ ते ५ अंक, पहिल्या डीलक्समध्ये १ ते १०. रोझ रेडच्या कथित खुनाचा तपास आणि फार्मचं बंड एकत्र वाचायला हवं, म्हणून डीलक्स बरी.

आणि ७५नंतर कुणी पुढे जाणारच असेल तर ७६ ते ८१ सलग वाचावेत, मग ८३ ते ८५चा 'जॅक ऑफ फेबल्स'बरोबरचा क्रॉसओव्हर, म्हणजे मालिकांत वाटलेली एक कथा, बेधडक सोडावा. त्याचे बाकीचे तुकडे दुसऱ्या दोन मालिकांत आहेत, ते हाताशी नसले तर त्या तीन अंकांतून काही हाती लागत नाही.

दौतटाक
क्रॉसओव्हर सोडा, हे मान्य. पण मग सल्ला "७५ला थांब" असा राहत नाही. त्या जुन्या धाग्यावर जाऊन तेवढा दुरुस्त करा.

पानपंखा
"८१ला थांब" असा करतो.