डबल एक्स्पोजर: गालावरील पारंब्या फिकट का पडतात?

प्रश्न:
नमस्कार. डबल एक्स्पोजरसाठी, म्हणजे दोन छायाचित्रे एकमेकांत मिसळण्यासाठी, फोटोशॉपमध्ये पांढऱ्या पार्श्वभूमीवर, एका बाजूने टिपलेल्या चेहऱ्यावर मी वडाच्या पारंब्यांचे छायाचित्र ‘स्क्रीन’ या ब्लेंड मोडमध्ये (वरचे चित्र खालच्यात मिसळण्याच्या एका पद्धतीत) ठेवले आहे. केसांत पारंब्या स्पष्ट उमटतात, गालावर मात्र त्या जवळजवळ नाहीशा होतात. असे का व्हावे?

उत्तर १:
फिल्मच्या एकाच फ्रेमवर दोनदा प्रकाश पाडला, की पहिल्या वेळी काळा राहिलेल्या भागातच दुसरे चित्र नीट उमटते, आणि स्क्रीन मोडही बराचसा तसाच वागतो. आपला गाल मुळातच उजळ असल्याने तो आणखी पांढरा होतो. कर्व्ह्‌ज (उजळपणा कमी-जास्त करण्याचे साधन) वापरून चेहरा बराच गडद करून पाहावा.

उत्तर २:
सहमत, परंतु सरसकट गडद केल्यास डोळ्यांतील जिवंतपणा जातो. त्यापेक्षा पारंब्यांच्या लेयरला (चित्राच्या थराला) मास्क, म्हणजे हवा तो भाग लपवणारे आवरण, लावून डोळा व ओठ यांवरील भाग मऊ ब्रशने हलकेच झाकावा. नाक-हनुवटीची कडा मात्र ठसठशीत राहू द्यावी, कारण माणूस ओळखू येतो तो तिच्यामुळेच.

उत्तर ३:
पारंब्यांमागचे आकाशही तपासावे. ते पांढरे असेल, तर केसांची बाह्यरेषाच विरते. अनेकांना हा परिणाम आवडतो. मला तो आता फार वापरून गुळगुळीत झालेला वाटतो.