रास्पबेरी पायवर एव्हीआर-जीसीसी सोर्समधून बांधावा का? माझं मत: हो, बांधावाच

केळीबाग_यावल
यावलला पोरांना मायक्रोकंट्रोलर शिकवतो. सध्या केळीच्या ठिबकचे व्हॉल्व्ह आळीपाळीने चालू-बंद करणारं यंत्र बनवतोय, चिप एव्हीआर१२८डीए२८. खोलीत लॅपटॉप नाहीत. रास्पबेरी पाय ३ (तळहाताएवढे छोटे संगणक) आहेत, १ जीबी रॅमचे, त्यावर डेबियन १२ या लिनक्सवर आधारलेली ओएस. तिच्या पॅकेजमधला एव्हीआर-जीसीसी, म्हणजे सी प्रोग्रॅम या चिपांच्या भाषेत उतरवणारा कंपायलर, अजून ५.४ आवृत्तीवरच आहे आणि ही चिप तो मुळात ओळखत नाही. म्हणून जीसीसीची १४ वी आवृत्ती मूळ कोडमधून (सोर्समधून) पायवरच कंपाइल करावी आणि पोरांसमोर करावी, असं माझं ठाम मत आहे.

१४ च का, तेही सांगतो. चिपमध्ये फ्लॅश (प्रोग्रॅम कायम राहतो ती जागा) १२८ केबी, रॅम १६ केबी. स्क्रीनवर 'पाणी नाही', 'लाइट गेली' हे मराठीत दाखवायचं तर अक्षरांच्या ठिपक्यांचे मोठे तक्ते लागतात. जुना कंपायलर 'कॉन्स्ट' (न बदलणारे) तक्तेसुद्धा रॅममध्ये आणून ठेवतो. १४ पासून या मालिकेच्या चिपांसाठी ते फ्लॅशमध्येच राहतात. बिनयुटिल्स (कंपायलरच्या जोडीची असेंबलर-लिंकर ही साधनं) मात्र २.४२ किंवा त्यापुढचं हवं.

भुसावळकर
भाऊ, पटलं नाही. चिप बनवणाऱ्या मायक्रोचिप कंपनीचा डिव्हाइस पॅक (चिपच्या माहितीच्या फाइली) उतरवा, ५.४ ला जोडा, चिप ओळखली जाते. कोडमध्ये तक्त्यांना 'प्रोगमेम' हा शब्द लावा, ते फ्लॅशमध्ये जातात. वर्षानुवर्षं लोक हेच करत आलेत. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. पाय ८० अंशांना पोचला की आपोआप वेग कमी करतो. त्यात मध्येच लाइट गेली तर एसडी कार्डाची फाइल सिस्टिम बिघडायची भीती वेगळीच. शिकवायचे तास कंपायलर बांधण्यात का घालवायचे?

केळीबाग_यावल
दादा, 'प्रोगमेम' लावून काम संपत नाही. प्रत्येक बाइट वाचताना 'पीजीएम रीड बाइट' लिहावं लागतं. नवशिक्या पोरानं एका ठिकाणी ते गाळलं की कंपायलर चकार शब्द काढत नाही आणि स्क्रीनवर भलतेच ठिपके उमटतात. मग ते पोर वायरिंग उपसत बसतं.

वेळेचं म्हणाल तर बांधणी रात्री लावायची, इन्व्हर्टरवर. क्रम ठरलेला: आधी बिनयुटिल्स, मग जीसीसी, शेवटी एव्हीआर-लिबसी (चिपसाठीची सी लायब्ररी). जीसीसीसाठी सोर्सच्या बाहेर वेगळा फोल्डर घ्यायचा, भाषा फक्त सी ठेवायची, कंपायलरच्या संदेशांची भाषांतरं-बिषांतरं बंद. बांधणी चालवणाऱ्या 'मेक'ला चार कामं एकदम दिली की १ जीबी पुरत नाही, कर्नल कंपायलरलाच मारतो आणि शेवटच्या ओळीत 'किल्ड' दिसतं. एकच काम द्यायचं, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) पेनड्राइव्हवर ठेवायचा, कार्ड झिजत नाही. एका पायवर झालं की तोच फोल्डर बाकीच्यांवर कॉपी.

चाळीसगाव_एम्बेडेड
एवढा जीव पायचा कशाला काढता? कुणाचा तरी लॅपटॉप एक दिवस मागा. त्यावर पायसाठीच्या बायनरी (थेट चालणाऱ्या तयार फाइली) बांधा आणि वाटा.

केळीबाग_यावल
तसं होतं, पण काम दुप्पट वाढतं. लॅपटॉपवर चालणारा त्याच आवृत्तीचा एव्हीआर-जीसीसी आधी बांधावा लागतो, कारण लिबजीसीसी ही कंपायलरसोबतची चिपची लायब्ररी त्यानेच कंपाइल होते. मग पायवर चालणारा दुसरा. होस्ट, म्हणजे पायची ओएस, ३२ बिट की ६४ बिट हे चुकलं की पायवर काहीच चालत नाही. पुन्हा लॅपटॉप परत गेला की पुढच्या वर्षी नवी आवृत्ती कोण बांधणार?

धुळ्याची_शिक्षिका
सर, जीसीसी १४ हवा हे मला मान्य. पोरांसमोर बांधायचा हे मान्य नाही. पडद्यावरून सरकणाऱ्या ओळी बघून आठवी-नववीच्या मुलाला काहीही कळत नाही, माझ्या वर्गात मुलं दहा मिनिटांत खिडकीबाहेर बघायला लागतात. त्यापेक्षा तोच प्रोग्रॅम ५.४ आणि १४ दोन्हींनी कंपाइल करा आणि लिंकरच्या मॅप फाइलमध्ये (कुठली गोष्ट कुठल्या पत्त्यावर बसली त्या यादीत) तक्ता कुठे बसला ते मुलांनाच शोधायला लावा. एकीकडे रॅमचा पत्ता, दुसरीकडे फ्लॅशचा.

भुसावळकर
ताईंचं बरोबर आहे. आणि तेवढ्यासाठी ५.४ काढून टाकू नका भो, पॅक जोडून बाजूला राहू द्या.

केळीबाग_यावल
ताई, मॅप फाइलचा तास नक्की घेतो. ५.४ पण ठेवतो. बांधणी मात्र पायवरच होणार, आणि ज्या पोरांना थांबायचंय त्यांना मी घरी पाठवणार नाही. बांधणीआधीच्या 'कॉन्फिगर'च्या ओळीत टार्गेट, म्हणजे कोड कुठल्या चिपसाठी बनवायचा ते, कुठे लिहितात हे दहावीच्या दोघांनी आधीच विचारलंय.