घरचा ग्रुप: छकुलीचा कॉम्प्युटर सुरूच होऊन नाही राह्यला

मी: सर्वांना नमस्कार. काल अमरावतीवरून आणलेला कॉम्प्युटर घरी एकदाही सुरू झाला नाही. डब्यातला पंखा फिरते, समोरचा लाइट लागते, पण पडदा काळाच. सोयाबीनच्या पट्टीतले साडेसात हजार मोजून दिले. टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये पोरीला एकच तास मिळते आणि मराठी ३० ची (मिनिटाला तीस शब्दांची) टायपिंगची परीक्षा डोक्यावर आहे. कोणाला समजत असेल तर सांगा, माझा जीव थाऱ्यावर नाही.

दादा: आधी व्होल्टेज पाहा.

जावईबुवा: दुकानात माझ्यासमोर अर्धा तास चालला होता. मी स्वतः हात लावून पाह्यला.

वहिनी: तुम्हाला कोणी काही म्हटलं का, जावईबुवा?

ताई: न म्हणताही समजते, वहिनी. दुकान यांनीच दाखवलं ना.

पुतण्या (नागपूर): काका, बटन दाबल्यावर टीं टीं आवाज येते का?

मी: येते. लांब टींsss, मग थांबते, मग पुन्हा तसाच.

पुतण्या (नागपूर): मग बहुतेक रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची चालू कामाची मेमरी. बोर्डाला रॅम सापडली नाही की तो असा ओरडते. एसटीत कसा आणला?

मी: मांडीवर. अमरावती-यवतमाळ ठीक, पण दारव्ह्याकडे वळल्यावर गचकेच गचके. शेवटी ऑटो. दोन्ही हातांनी आवळून धरला होता बापा.

दादा: हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस आहेत. साऱ्यांच्या मोटारी एका डीपीवर. रात्री बल्ब पाह्यला का कसा पिवळा पडते? व्होल्टेज पाहा म्हणून सांगून राह्यलो.

पुतण्या (नागपूर): बाबा, पंखा फिरून राह्यला, टीं वाजून राह्यली. बोर्डापर्यंत लाइन पोचलेली आहे.

ताई: मोटारीवरून आठवलं. विहिरीच्या मोटारीचं वायंडिंग मागच्या वर्षी आम्ही भरलं. दोन वाटे अजून यायचे आहेत.

वहिनी: ते इथंच काढायचं होतं का?

ताई: मग कुठं काढू? फोन तर कोणी उचलत नाही.

*(वहिनींनी मेसेज डिलीट केला)*

मी: हात जोडतो तुम्हा दोघींना. विहिरीचं रविवारी बसून बोलू. आज पोरीचं पाहू द्या.

पुतण्या (नागपूर): काका, मागची वायर काढा. वायर काढल्यावर समोरचं बटन अर्धा मिनिट दाबून धरा, आत उरलेली लाइन निघून जाते. खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावा, मगच बाजूचा पत्रा खोला. नायलॉनचा स्वेटर घालून नका बसू.

मी: खोलला. धुळीची गादी आहे नुसती. आणि कोपऱ्यात पालीची दोन अंडी.

जावईबुवा: पालीचे पैसे नाही लावले त्यानं 😄

वहिनी: 😂 बारशाला बोलवा

पुतण्या (नागपूर): धूळ कोरड्या ब्रशनं काढा, तोंडानं फुंकू नका, ओल जाते. बोर्डावर लांब हिरव्या पट्ट्या उभ्या दिसतील, तीच रॅम. दोन्ही टोकांच्या कड्या बाहेर दाबल्या की पट्टी वर येते.

मी: दोन निघाल्या. एक तर एका बाजूनं उचललेलीच होती! खालचे सोनेरी दाते काळपट दिसून राह्यले.

पुतण्या (नागपूर): छकुलीचा पांढरा खोडरबर घ्या, दाते हलक्या हातानं घासा, भुगा झटका. मग एकच पट्टी लावा. खाच जुळवून दोन्ही टोकं दाबा, कट्‌ वाजलं पाहिजे.

दादा: स्टॅबिलायझर लावला का?

पुतण्या (नागपूर): बाबा 🙏

मी: पहिली पट्टी लावली, पुन्हा टींsss. काढली. त्याच खाचेत दुसरी लावली... लागला! पडद्यावर अक्षरं आली! छकुली ओरडलीच.

ताई: अगं बाई! देव पावला.

मी: पण तारीख १ जानेवारी २००९ दाखवते. एफ१ दाबा म्हणते.

पुतण्या (नागपूर): घाबरू नका. बोर्डावर रुपयाएवढा सेल असते, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वायर काढल्यावर घड्याळ त्याच्यावर चालते. तो संपला. घड्याळवाल्याकडे मिळते. तोवर रोज हातानं तारीख टाकायची. पहिली पट्टी मात्र गेलेली दिसते. एकीवर टायपिंग आरामात होते.

जावईबुवा: ती पट्टी माझ्याकडे पाठवा. मी दुकानात जाऊन बदलून आणतो. माझ्या शब्दावर घेतला होता तुम्ही.

मी: जावईबुवा, तुमच्यावर राग नव्हताच. काल रात्रभर पोरगी बोलली नाही, म्हणून मन खट्टू होतं.

दादा: आणि व्होल्टेज?

पुतण्या (नागपूर): तेही खरंच आहे, बाबा. मोटारी चालू असताना लाइन जाते-येते, तेव्हा एसएमपीएसला, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याला, झटका बसते. काका, लाइन गेली की वायर काढा. आल्यावर पाच मिनिटं थांबा. जमलं तर स्टॅबिलायझर घ्याच.

दादा: माझ्या जुन्या फ्रीजचा पडून आहे. सकाळी आणून देतो. सेलही दारव्ह्यावरून आणतो.

ताई: रविवारी आम्ही येतोच. वायंडिंगची पावती घेऊन येते.

वहिनी: या. जेवायलाच या.

मी: तारीख टाकली. छकुली उतारा काढून बसली. आता फोन नका करू कोणी, मोटारी सुरू व्हायच्या आत तिचे दोन उतारे होऊन जाऊ द्या.