मदत हवी आहे : आजोबांची सिग्नल्समधली नोंद कशी मिळवायची?

आईचे वडील दुसऱ्या महायुद्धात इंडियन सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन शाखेत होते. ब्रह्मदेश आघाडीवर टेलिफोनच्या तारा टाकायचं काम, म्हणजे बहुतेक लाइनमन. १९४६ मध्ये सैन्यातून सुटून नाशिकला परतले. पेन्शन नव्हती, त्यामुळे पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर विचारू नका. डिस्चार्जचं पुस्तक १९६९ च्या गोदावरीच्या पुरात गेलं. तेव्हा घर भांडीबाजाराजवळ होतं.

हातात आहे ते एवढंच : एक बर्मा स्टार, म्हणजे ब्रह्मदेश आघाडीचं पदक. मागे त्यांचा लष्करातला नंबर, नाव आणि सिग्नल्सचं संक्षिप्त रूप कोरलंय. पण आजी दर दसऱ्याला चिंच लावून घासायची, त्यात नंबरचे पहिले दोन आकडे पार गेले. शेवटचे चार स्पष्ट आहेत. तिरपा उजेड टाकून मोबाइलवर फोटो काढले, कागद ठेवून पेन्सिलही फिरवली. उपयोग झाला नाही.

कॉमनवेल्थ युद्धसमाध्यांच्या यादीत शोधायचा सल्ला कृपया नको. ती फक्त मृतांची आहे, आजोबा सुखरूप परत आले होते. देवळालीतही चौकशी केली, पण तिथलं केंद्र तोफखान्याचं. सिग्नल्सचं रेकॉर्ड ऑफिस जबलपूरला आहे, तिथे आता लेखी अर्ज करायचाय. आई ७८ वर्षांची, प्रवास जमणार नाही.

अर्धवट नंबर, पूर्ण नाव आणि गाव एवढ्यावर जबलपूरहून कोणाला १९४७ पूर्वीची नोंद मिळाली आहे का? अर्ज आईच्या नावाने करावा की मी केला तरी चालेल, आणि नात्याचा पुरावा म्हणून काय जोडलं होतं?