सापाच्या डोळ्यावर अडकलेली कात

डोळ्यावर राहिलेली कात चिमट्याने ओढून काढावी, असा सल्ला कोणी दिला तर तो कृपया पाळू नये. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एकच पारदर्शक खवला असतो आणि कातीसोबत तोही सोलला गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. परभणीच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत माझ्या बॉल पायथनची (पाळला जाणारा एक लहान आफ्रिकी अजगर) कात अशीच अडकली होती. टाकलेली कात उजेडात धरली तेव्हा डाव्या डोळ्याची काचेसारखी वाटी दिसली, उजव्या जागी मात्र नुसते भोक होते, म्हणजे त्या डोळ्यावरच्या खवल्याचा जुना वरचा थर निघालाच नव्हता. साप शिरेल एवढे छिद्र पाडलेल्या डब्यात ओले शेवाळ ठेवून आर्द्रता वाढवली, तेव्हा पुढच्या कातीबरोबर जुना आणि नवा असे दोन्ही थर आपोआप निघाले. डोळा फुगला असेल तर मात्र वाट न पाहता पशुवैद्यांकडेच न्यावे.